हप्ता किती जातो?

कर्ज मागायला आलेला माणूस सगळं सांगतो, घरात काय चाललंय तेवढं सांगत नाही. समुपदेशनाला आलेला माणूस घरातलं सगळं सांगतो, कर्जाचं तेवढं सांगत नाही. या दोघांच्याही समोर मी बसलेलो आहे. आधी एका राष्ट्रीयीकृत बँकेत, नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामीण शाखांमध्ये शेतीकर्ज आणि वसुलीचं काम करताना. आणि आता पन्नाशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन, रीतसर शिकून, समुपदेशक म्हणून. हे दोघं पुष्कळदा एकच असतात, हे समजायला मला दोन्हीकडे बसावं लागलं.

अलीकडे बरेच जण विचारतात, की या वयात हे शिकता येईल का. विचारणारे बहुतेक निवृत्तीच्या अलीकडे-पलीकडे असतात. शिक्षिका, परिचारिका, सरकारी खात्यातले लोक. त्यांना मनापासून हे काम करायचं असतं, आणि बोलता बोलता एक वाक्य हटकून येतं: ‘आयुष्याचा अनुभव तर आहेच गाठीशी.’ मला ते वाक्य अपुरं वाटतं. अनुभव सरसकट उपयोगी पडत नाही. त्यातलं काय घेऊन आत जायचं आणि काय उंबऱ्याबाहेर ठेवायचं, ते ओळखायला शिकावं लागतं. माझं बरंचसं शिक्षण या निवडीतच गेलं.

निफाड, पिंपळगाव, दिंडोरी हा सगळा द्राक्षाचा पट्टा. बाग वर्षभर पैसा मागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, मधे औषधं, मजुरी, आणि पैसा हातात येणार तो माल निघाल्यावर. त्यामुळे कर्ज हा तिथल्या संसाराचा कायमचा भाग. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली. काढणीला आलेले घड जमिनीवर पडून सडले. त्या महिन्यांत आम्ही बागा बघत, खाती बघत गावोगाव फिरत होतो. एका वस्तीवर घरमालकाशी बोलून, कागद आवरून निघालो, तेव्हा त्याची बायको ओसरीच्या खांबाशी थांबली होती. तिने खालच्या आवाजात विचारलं, ‘साहेब, हे रात्री झोपत नाहीत. उठून बागेत जाऊन बसतात. त्याला बँकेकडून काही करता येतं का?’

कर्जाचं पुनर्गठन करता येत होतं, ते केलं. मुदत वाढली, हप्ते नव्याने बांधले. तिने विचारलेल्या प्रश्नाला मात्र आमच्या कुठल्याच अर्जात रकाना नव्हता. आणि तिने तो मला विचारला, कारण त्या घरात बाहेरून येणारा, कागदपेन घेऊन ऐकून घेणारा दुसरा कुणी माणूसच नव्हता. तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ नव्हता. असता तरी ‘तिकडे’ जायला तिचा नवरा तयार झाला नसता. बँकेचा साहेब तेवढा दारापर्यंत आला होता.

पुढे काही वर्षांनी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. घरातून विरोध झाला नाही. बायकोने एवढंच विचारलं, की छंद म्हणून शिकणार की काम म्हणून. काम म्हणून, असं मी सांगितलं, आणि पुढच्या सगळ्या वर्षांत तिने मला तशीच मोकळीक दिली.

माझी पदवी वाणिज्य शाखेची. मानसशास्त्राशी कधी संबंध न आलेल्या पदवीधराला थेट एम. ए.ला घेणारं इग्नू हे मुक्त विद्यापीठ होतं, म्हणून मी आत जाऊ शकलो. पुस्तिका टपालाने घरी आल्या. वर्ग सुट्टीच्या दिवशी भरायचे. वर्गात बहुतेक विशीतल्या मुली, आणि मागच्या बाकांवर आम्ही काही जण: एक निवृत्त परिचारिका, एक मुख्याध्यापिका, एसटीतून निवृत्त झालेले एक वाहतूक नियंत्रक. मुली मला काका म्हणायच्या. संख्याशास्त्राचा पेपर मला सोपा गेला आणि त्या माझ्याकडून शिकल्या. बुद्धिमापन चाचण्या आणि प्रयोगवहीची शिस्त मी त्यांच्याकडून शिकलो.

खरा मुक्काम झाला तो कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञापाशी. समोरच्या माणसात बदल घडायला कोणत्या गोष्टी लागतात, यावरचा त्याचा निबंध १९५७चा. समोरच्याच्या जागी उभं राहून त्याचं जग समजून घेणं, आपण स्वतः आतून-बाहेरून एकच असणं, आणि त्या माणसाचा विनाअट स्वीकार. यातलं तिसरं वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. बँकेत विनाअट असं काही नसतंच. तारण पाहिजे, जामीनदार पाहिजे, जुना व्यवहार पाहिजे, आणि ते योग्यच आहे. ठेवीदाराचा पैसा तसाच सांभाळावा लागतो. पण इतकी वर्षं माणसाकडे ‘हा फेडेल का’ या नजरेने बघितल्यावर, कसलीही परतफेड न मागता कुणाकडे पूर्ण लक्ष देणं हे मला अगदी मुळापासून शिकावं लागणार होतं, आणि शिकण्याची इच्छाही त्या दिवशीच पक्की झाली.

अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे आपल्याला छळणाऱ्या आपल्याच अविवेकी समजुती तपासून बदलण्याची, त्या मानाने पटकन जवळची वाटली. आपल्याकडे ती रुजवली के. एम. फडके यांनी. मुंबईत राहून न्यूयॉर्कच्या एलिसशी त्यांनी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, शंका विचारल्या, वाद घातले, आणि त्या पत्रांमधून ते घडले. टपालाने आलेल्या पुस्तिका उघडताना मला या गोष्टीचा मोठा आधार वाटायचा.

पुस्तकांनी मात्र माणसासमोर बसायला शिकवलं नाही. त्यासाठी शहरातल्याच एका संस्थेत कौशल्यांचं प्रशिक्षण घेतलं. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. तिथे तिघातिघांचे गट करून सराव व्हायचा. एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. क्लायंटने नाटक करायचं नाही, स्वतःच्या आयुष्यातली एखादी खरी पण पेलवेल अशी गोष्ट घेऊन बसायचं. माझी पाळी आली तेव्हा मी ओसरीवरच्या त्या बाईची गोष्ट सांगितली. समोर बसलेली मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची असेल. कर्ज किती होतं, पुढे त्या माणसाचं काय झालं, तुम्ही काय उत्तर दिलंत, यातलं तिने काहीच विचारलं नाही. थोडं थांबली आणि म्हणाली, ‘त्या तुमच्याकडे आशेने बघत होत्या.’ एवढंच. मला पुढचं काही बोलताच येईना, आणि तिनेही ती शांतता मोडली नाही. त्या खोलीत माझ्या निम्म्याहून कमी वयाच्या मुलीला जे येत होतं, ते मला अजून यायचं होतं. वयाने ते आपोआप येत नाही याचा इतका लख्ख पुरावा मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

प्रशिक्षणातली दुसरी गोष्ट म्हणजे शब्दशः नोंद. आम्ही तिला नुसतं व्हर्बेटिम म्हणतो. सेशन संपलं, की घरी जाऊन आठवेल तसं सगळं संभाषण लिहून काढायचं. त्याचं वाक्य, माझं वाक्य, मधली शांतता, आणि समासात त्या क्षणी आपल्या मनात काय चाललं होतं ते. मग ते घेऊन मॅडमसमोर बसायचं. त्या पेन्सिलने खुणा करायच्या. एखाद्या आईने म्हटलेलं असायचं, ‘मुलगा दिवाळीपासून बोलत नाही.’ बँकेत घडलेला कान त्यातलं ‘दिवाळीपासून’ आधी उचलतो, कारण थकबाकी कधीपासूनची हे आम्हाला पहिल्यांदा हवं असतं. मॅडम ‘बोलत नाही’ या शब्दांखाली रेघ मारायच्या आणि विचारायच्या, ‘हे म्हणताना त्यांचा आवाज कसा होता?’ हळूहळू कान बदलतो. आवाज, थांबणं, पदराच्या टोकाशी चाललेली बोटं, हे ऐकू यायला लागतं. तारीखही ऐकू येते, पण ती आता मागे थांबते.

आणि मग काही महिन्यांनी, प्रत्यक्ष क्लायंट बघायला लागल्यावर, मला एक वेगळीच गोष्ट दिसू लागली. आमच्या समुपदेशन केंद्रातले तरुण सहकारी अतिशय तयारीचे. लैंगिक अडचणींबद्दल न अडखळता विचारतात. लहानपणच्या मारहाणीबद्दल विचारतात. पैशाशी आले, की मात्र सगळ्यांची गाडी वळण घेते. ‘आर्थिक ताण आहे’ अशी नोंद फाइलमध्ये असते आणि त्याच्या खाली काहीच नसतं. किती, कुणाचं, कधी फिटणार, घरात कुणाला माहीत आहे, काही नाही. पगार विचारू नये, कर्ज विचारू नये, हे आपल्यावर घरातूनच बिंबवलेलं असतं. त्यात समोरचाही ते काढत नाही. तो झोपेबद्दल बोलतो, चिडचिडीबद्दल, पोटात येणाऱ्या गोळ्याबद्दल बोलतो.

इथे माझी जुनी नोकरी कामाला आली.

एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चाळिशीतले, हातात कसब असलेले, स्वतःचं छोटं दुकान. बायकोने आणलं होतं, कारण मुलांवर हात उचलायला लागले होते. पहिली दोन-तीन सेशन्स राग, मुलं, बायकोची आई यांच्याभोवती फिरली. एका भेटीत ते एकटेच आले. बोलता बोलता त्यांचा मोबाइल वाजला आणि त्यांनी तो न बघताच उलटा ठेवला. पुन्हा वाजला. मी विचारलं, ‘हप्ता किती जातो?’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘कुठला?’

मी कोरा कागद पुढे केला. पतसंस्थेचं कर्ज. बायकोच्या नावावर मायक्रोफायनान्सचं, त्याचा दर आठवड्याचा हप्ता. सोनेतारण, त्यात तिचं मंगळसूत्र, जे तिला डागडुजीला दिलंय म्हणून सांगितलेलं. मेव्हण्याकडची उसनवारी. सुरुवातीलाच उचललेली भिशी, जिचे पैसे अजून भरायचे होते. आणि मोबाइलवरच्या दोन ॲपचं कर्ज, एक फेडायला दुसरं घेतलेलं. प्रत्येकापुढे शिल्लक आणि हप्ता त्यांनीच लिहिला. बेरीजही त्यांनीच केली. आकडा मोठाच होता, पण त्यांच्या मनातल्यापेक्षा लहान निघाला. रात्री अंथरुणात पडून हिशोब करताना ते ॲपचं एक कर्ज दोनदा धरत होते. ‘हे सगळं एका जागी कधी लिहिलंच नव्हतं,’ असं म्हणून त्यांनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, आणि मग पहिल्यांदा त्यांच्या धाकट्या मुलाबद्दल, त्याला मारल्यावर रात्री काय वाटतं त्याबद्दल बोलले.

पुढची काही सेशन्स मंगळसूत्राबद्दल बायकोला कसं सांगायचं यावर झाली. त्यांनी सांगितलं. ती भडकली, आणि बरेच दिवस भडकलेलीच राहिली. त्यात नवल नाही. पण आता भांडण मंगळसूत्राचं होतं, मुलांच्या अभ्यासावरून नव्हतं, आणि मुलांच्या अंगाला हात लागणं थांबलं.

बँकेतल्या माणसाला इथे एक धोका असतो. मला नियम माहीत आहेत. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२मध्ये बँकांना आणि वित्तसंस्थांना बजावलं आहे. कर्ज देणाऱ्या ॲपने तुमच्या मोबाइलमधले नंबर आणि फोटो बघायचे नाहीत, हेही त्याच वर्षी सांगितलं आहे. खासगी सावकार परवाना नसताना व्याजाने पैसे देत असेल, तर २०१४च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करता येते. भीतीने काळवंडलेला माणूस समोर असताना हे सगळं जिभेच्या टोकावर येतं. सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे माझं काम तपासून घेताना, मॅडमनी मला विचारलं होतं, ‘ही माहिती तुम्ही कुणाची बेचैनी कमी करायला देता, त्यांची की तुमची?’ हा प्रश्न मी आजही प्रत्येक वेळी स्वतःला विचारतो. माहिती मी देतो, द्यायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. पण तो माणूस त्याचं बोलून झाल्यावर, आणि ‘याबद्दल मला थोडं माहीत आहे, सांगू का?’ असं विचारून. आधीच दिली, तर तो माहिती घेऊन जातो आणि जे सांगायला आला होता ते सोबत परत नेतो.

आणि कर्जाचा कागद नीट झाला म्हणजे माणूस बरा झाला, असंही नाही. नैराश्य हा आजार आहे. हप्ते सुरळीत झाल्यावरही तो मुक्काम ठोकून राहू शकतो. झोप, भूक, कामातलं मन, हे सगळं विचारून लक्षणं जास्त दिसली, तर मी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो, आणि चिठ्ठी देऊन मोकळा होत नाही. गेले का, गोळ्या सुरू झाल्या का, याचा पाठपुरावा करतो. वसुलीच्या कामातून आलेली ही सवय मी जाणूनबुजून सोबत ठेवली आहे.

प्रशिक्षणात आम्हाला एक गोष्ट पक्की करून घेतात. जगणं नकोसं वाटतं का, जीव द्यावा असं मनात येतं का, हे थेट विचारायचं. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही, उलट इतके दिवस एकट्याने वागवलेली गोष्ट बोलायला वाट मिळते. लक्षणं मोजायला आम्ही जी नऊ प्रश्नांची यादी सर्रास वापरतो, तिच्यातला नववा प्रश्न हाच आहे. मला त्या यादीला दहावा प्रश्न जोडावासा वाटतो. आपल्या राज्यात तर नक्कीच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे, त्यात सर्वांत जास्त, २२,७४६, महाराष्ट्रातल्या. दर दहा जणांत सातांहून जास्त पुरुष. या पुरुषांना कुणी भावनांबद्दल विचारलं, तर ते ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणतात. व्यवहाराबद्दल विचारलं, तर बोलतात, आणि व्यवहाराच्या वाटेने बाकीच्या गोष्टींपर्यंत येतात. निदान माझ्यासमोर बसलेले आले आहेत.

म्हणून केंद्रातल्या सहकाऱ्यांसाठी मी एक दुपार घेतली. पासबुक आणि कर्जखात्याचा उतारा कसा वाचायचा. हप्ता परत गेला की दंड कुठे दिसतो. सोनेतारण नुसतं व्याज भरून पुढे ढकललं जातं म्हणजे काय होतं. जामीनदाराची मान कधी अडकते. बायकोच्या नावावर गटातून घेतलेलं कर्ज नवरा वापरतो आणि वसुलीच्या बैठकीत चार बायकांसमोर ती उभी असते, म्हणजे तिच्या मनावर नेमकं काय येतं. मुली वहीत उतरवून घेत होत्या. एकीने नंतर सांगितलं, की दिवाळखोरीची भीती घेऊन येणाऱ्या एका क्लायंटला तिने पहिल्यांदाच आकडे विचारले, आणि त्याने खिशातून आधीच लिहून आणलेली चिठ्ठी काढली. कित्येक भेटी तो ती खिशात घालून येत होता.

तज्ज्ञ नसलेल्या माणसांनी हे काम करावं का, यावर आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. मला गोव्यातलं उदाहरण मोलाचं वाटतं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि संगत या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या लोकांना समुपदेशक म्हणून तयार केलं. नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींची एक बांधीव पद्धत होती: बंद पडलेल्या दिवसात एकेक छोटं काम परत आणायचं, अडचणी सुट्या करून बघायच्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांप्रमाणे तीन महिन्यांनी ही मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. यातला जो भाग लोक सांगायचं विसरतात तो असा, की हे समुपदेशक आपली सेशन्स रेकॉर्ड करायचे आणि एकत्र बसून एकमेकांचं काम तपासायचे. झिंबाब्वेतही असंच. तिथले मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांची एक रुग्ण बसच्या भाड्याचे पैसे नव्हते म्हणून दवाखान्यात येऊ शकली नाही आणि तिने आयुष्य संपवलं. त्यानंतर २००६च्या सुमाराला हरारेच्या एका वस्तीत त्यांनी आजीबाईंना प्रशिक्षण दिलं, दवाखान्याबाहेर लाकडी बाक टाकला, आणि त्या बाकावर बसून आज्या लोकांच्या अडचणी ऐकू लागल्या, सोडवायला मदत करू लागल्या. त्यांच्या कामाची शास्त्रीय चाचणी झाली, परिणाम चांगला दिसला. म्हाताऱ्या माणसांचं लोक ऐकतात म्हणून एवढं झालं असं समजू नये. त्या आज्या शिकल्या होत्या, ठरलेल्या पायऱ्यांनी काम करत होत्या, आणि अवघड केस आली तर पुढे कुणाकडे पाठवायचं हे त्यांना माहीत होतं.

आपल्याकडे काय दिसतं? दोन-तीन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स, प्रमाणपत्र, आणि ‘समुपदेशक’ अशी पाटी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नुसत्या समुपदेशकाला इतकी वर्षं अशी सक्ती नव्हती. मला याचा राग येतो. ज्या माणसाने महिनोन्‌महिने धीर गोळा करून दार ठोठावलं, त्याला आत कुणीतरी ‘सकारात्मक विचार करा’ म्हणून वाटेला लावलं, तर तो दुसरं दार ठोठावायला जात नाही. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकही त्याच्या कक्षेत आले. शिस्त येणार, याचं मी स्वागत केलं.

त्याच कायद्याच्या पाठोपाठ २०२५मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने निर्णय घेतला, की त्या कायद्याच्या कक्षेतले विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायचे नाहीत. मानसशास्त्र त्यात आलं. म्हणजे मी ज्या वाटेने आलो, ती आता बंद झाली. निर्णयामागचं कारण मला मान्य आहे. माणसासमोर बसणं पुस्तिकेतून येत नाही, हे मी वर लिहिलंच आहे. पण माझ्या वर्गातली मुख्याध्यापिका शाळा सांभाळून शिकत होती. परिचारिका रात्रपाळी करून रविवारी वर्गात यायची. रोज सकाळी अकराला कॉलेजात हजेरी लावा म्हटलं असतं, तर आमच्यातलं कुणीच आलं नसतं. दार बंद करताना शेजारी दुसरं उघडायला हवं होतं: जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत संध्याकाळचे किंवा शनिवार-रविवारचे वर्ग, प्रत्यक्ष समोर बसून सराव, आणि वर्ष-दीड वर्ष सुपरव्हिजनखाली काम. नाशिकसारख्या शहरात, जिथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय आहे, तिथे तर हे अवघड नाही.

पैशाचंही बोलायला हवं, कारण तेच न बोलण्याबद्दल इतकं लिहिलं. मला पेन्शन आहे. या कामातून मला जे मिळतं, त्यात घर चालणार नाही. माझ्या वर्गातल्या ज्या बायकांना पेन्शन नव्हती, त्यांच्यातल्या काहींनी पदवी घेतली आणि पुन्हा शिकवण्या किंवा शिवणकाम सुरू केलं. त्यांच्यातली एक तर आमच्या सगळ्यांत सरस ऐकणारी होती. उतारवयात या क्षेत्रात येणाऱ्यांनी हे गणित आधी मांडावं. आणि संस्थांनी ‘सेवाभावी’ या शब्दाआड बायकांचे तास फुकट घेऊ नयेत.

सध्या आम्ही तिघं, म्हणजे मी, ती परिचारिका आणि एसटीतले ते वाहतूक नियंत्रक, एका तालुक्याच्या गावी आठवडे बाजाराच्या दिवशी टेबल टाकायच्या तयारीत आहोत. कर्जाचे कागद घेऊन या, आम्ही वाचून देतो, एवढंच फलकावर लिहायचं ठरलंय. कागदामागचं बोलायचं असेल, त्यांच्यासाठी मागे दार लागणारी एक खोली मिळाली आहे. भिंतीवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरांत लावणार आहोत. तो मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. शहरातले एक मनोविकारतज्ज्ञ आम्ही पाठवलेली माणसं बघायला तयार झाले आहेत. टेबलाशी बसायला आणखी माणसं लागतील. अट अशी ठेवली आहे, की बसण्याआधी वर्षभर शिकायचं, आणि बसायला लागल्यावर दर पंधरवड्याला आपली व्हर्बेटिम दुसऱ्यासमोर ठेवायची. एका पतसंस्थेचे माजी सचिव आणि एक निवृत्त तलाठी विचारून गेले. वर्षभर कशाला, असं दोघांनीही विचारलं. दोघांनाही पुढच्या शनिवारी सरावाच्या वर्गाला बोलावलं आहे. क्लायंट म्हणून मी बसेन, समुपदेशकाच्या जागी आधी सचिव बसतील, मग तलाठी.